तळ्याकाठचे तरुण जंगल

सदाहरित जंगलाविषयी लिहिताना 'प्राचीन' हे विशेषण लेखणीतून आपोआप उतरते. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनांबाबत तर ते वारंवार वापरले जाते, आणि एका अर्थाने ते खरेही आहे. भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे भूभाग गोंडवन या एकाच महाखंडात होते तेव्हापासून चालत आलेले वनस्पतींचे काही वंश तिथे आजही जिवंत आहेत. १९८८ साली सुमारे ८,९४० चौरस किलोमीटरच्या या पट्ट्याला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. पण त्याच पट्ट्याला लागून, केर्न्स शहराच्या नैऋत्येला असलेल्या ॲथर्टनच्या पठारावर, ज्वालामुखीच्या मुखांत साठलेली काही तळी आहेत आणि त्यांच्या तळाशी साचलेला गाळ या विशेषणाला एक अट घालतो. त्या गाळाच्या साक्षीनुसार तळ्यांभोवतीचे जंगल तरुण आहे. इतके तरुण, की ते नव्हते तेव्हाची आठवण तिथल्या माणसांनी तोंडी परंपरेत जपून ठेवलेली आहे.

बाबा मेहकरचे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेले आणि लोणारचे सरोवर घरापासून जवळ असल्यामुळे विद्यार्थ्यांना घेऊन तिथे असंख्य वेळा गेलेले. ते माझ्याकडे ब्रिस्बेनला राहायला आले तेव्हा त्यांना समुद्रकिनारे आणि उंच इमारती दाखवण्यापेक्षा ही तळी दाखवावीत, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. जुलै महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा, आणि उत्तरेकडे कोरडा ऋतू. केर्न्सला उतरून आम्ही गॉर्डनव्हेलच्या रस्त्याला लागलो, तेव्हा दोन्ही बाजूंना उसाचे फड होते आणि बाबा काच खाली करून त्यांच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहत होते. याच गॉर्डनव्हेलमध्ये १९३५ साली उसावरच्या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी परदेशी भेक आणून सोडले गेले होते. किडीचे फारसे काही बिघडले नाही, भेक मात्र खंडभर पसरत गेले आणि त्यांच्या विषाने तिथले कितीतरी शिकारी प्राणी मेले. ही हकीकत मी बाबांना तेव्हाच सांगितली, कारण तिचा धागा पुढे तळ्यापर्यंत जाणार होता.

गॉर्डनव्हेलनंतर गिलीज घाट सुरू होतो. १९२६ साली खुला झालेल्या या घाटात जेमतेम एकोणीस किलोमीटरच्या चढात २६३ वळणे आहेत, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. खाली उसाची उकाड्याची सपाटी आणि वर सातशे मीटरवर धुके, गवताळ कुरणे आणि गाई. मध्येच झाडांची एक दाट भिंत येते, रस्ता तिच्यात शिरतो आणि डावीकडे फांद्यांमधून पाण्याचा मोठा, गोल, निश्चल विस्तार दिसतो. ते बॅरीन तळे.

बॅरीन सुमारे एक किलोमीटर व्यासाचे आहे आणि त्याची खोली पासष्ट मीटरच्या आसपास. काठावर उभे राहिल्यावर ज्वालामुखीचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. शंकूसारखा डोंगर नाही, काळ्या लाव्ह्याचे ओघ नाहीत, राखेचे उतार नाहीत. आपण चढून येतो ते पठारावर, आणि तळे त्या पठारात खोवलेले असते. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : "मग डोंगर कुठे गेला?" डोंगर मुळात झालाच नव्हता, हे त्याचे उत्तर. खालून वर येणारा शिलारस वाटेत भूजलाला भिडला. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान वातावरणाच्या दाबाखाली सुमारे १,७०० पट वाढते, आणि जमिनीच्या पोटात कोंडलेल्या पाण्याला तर पसरायला जागाच नसते. त्यामुळे वरचा सगळा खडक फोडूनच ती वाफ बाहेर पडते. असा स्फोट एकदा होऊन थांबत नाही. पाणी पुन्हा झिरपते, शिलारस पुन्हा त्याला गाठतो, आणि स्फोटांच्या मालिकेतून एक रुंद, उभ्या कडांचा खड्डा तयार होतो, ज्याच्याभोवती फेकलेल्या खडकाच्या तुकड्यांचा एक बुटका कठडा राहतो. शिलारस थंडावला की त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठू लागते. भूशास्त्रज्ञ अशा रचनेला 'मार' म्हणतात. ॲथर्टनच्या पठारावर गेल्या तीस-चाळीस लाख वर्षांत पन्नासहून अधिक ठिकाणी उद्रेक झाले आणि त्यांतले काही या जातीचे होते. बॅरीन सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते, शेजारचे ईचम दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचे. भूशास्त्राच्या मापाने ही अगदी अलीकडची गोष्ट आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे सगळे नवे वाटते, याला कारण आहे. आपण ज्वालामुखीच्याच खडकावर जन्मतो आणि वाढतो, पण ज्वालामुखीचे मुख म्हणून दाखवता येईल असे काही आपल्या नजरेला कधी पडत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे तेच थर. आणि आपल्याकडचे जे एकमेव प्रसिद्ध गोल तळे आहे, ते लोणारचे, ज्वालामुखीचे नाहीच. ते उल्कापाताने, त्याच दख्खनच्या बेसाल्टमध्ये पडलेले विवर आहे. बाबांनी बॅरीनच्या काठावरून दोन्हींची तुलना सुरू केली तेव्हा त्यांच्या आवाजात वर्गातला जुना स्वर आला. लोणारचा खड्डा वरून आलेल्या आघाताने झाला, हा खालून आलेल्या आघाताने. लोणारचे पाणी खारट आणि अल्कधर्मी, हे गोड आणि इतके नितळ, की काठाजवळच्या बुडालेल्या फांद्यांवरचे शेवाळही स्पष्ट दिसते.

तळ्याच्या काठी एक जुने चहागृह आहे. १९२० च्या दशकात एका कुटुंबाने ते सुरू केले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे जखमी सैनिक विश्रांतीसाठी राहत. तिथून निघणारी एक लहान बोट तळ्याला फेरी मारते. आम्ही त्या फेरीत पाण्यावर कललेल्या ओंडक्यांवर ऊन खात पडलेले अजगर पाहिले. हा ऑस्ट्रेलियातला सर्वांत लांब साप. थंडीच्या सकाळी तो उन्हाच्या कवडशात येऊन पसरतो आणि त्याच्या खवल्यांवर जांभळट झाक उमटते. बोटीवरच्या सगळ्यांनी छायाचित्रे घेतली. बाबांनी मात्र मागे वळून काठावरच्या झाडांकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "हे जंगल पाण्याच्या अगदी कडेपर्यंत आले आहे बघ. मध्ये मोकळी जमीन जराही सोडलेली नाही."

बोटीतून उतरल्यावर पाच मिनिटांच्या पायवाटेवर कौरी पाइनची दोन झाडे शेजारी शेजारी उभी आहेत. जगात ही जात फक्त ॲथर्टनच्या परिसरात नैसर्गिकरीत्या वाढते. पंचेचाळीस मीटरहून उंच, खोड सरळ, गुळगुळीत आणि पहिली फांदी जिथे फुटते तिथवर मान पूर्ण मागे टाकून पाहावे लागते. त्यांचे वय हजार वर्षांहून अधिक असल्याचे सांगितले जाते. कौरींचा वंश डायनासोरांच्या काळापासूनचा आहे, आणि म्हणून त्यांच्यापुढे उभे राहिले की 'प्राचीन' या शब्दाबद्दल मनात कसलीच शंका उरत नाही. पण जरा हिशेब करून पाहावा. वंश कोट्यवधी वर्षांचा असला, तरी या झाडाची मुळे जिथे रुतली आहेत ती जागा सतरा हजार वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हती. आणि खड्डा झाल्यावरही कित्येक हजार वर्षे इथे कौरी वाढू शकेल असे हवामान नव्हते. या दोन वृक्षांइतकी दीर्घायुष्ये एकापुढे एक मांडली, तर सात-आठ आयुष्यांतच आपण पर्जन्यवनाच्या पलीकडे, निलगिरीच्या विरळ, उन्हाने भरलेल्या माळावर पोहोचतो.

हे कसे कळले, ती हकीकत मला या प्रवासातली सर्वांत मोलाची वाटते. अशा तळ्यांत शिरणारी नदी नसते. पाणी येते ते पावसाचे आणि काठांवरून झिरपणारे. त्यामुळे तळ शांत राहतो. दर वर्षी वाऱ्यावरून आलेले परागकण, वणव्याच्या कोळशाचे कण, पाने, शैवाल असे काय काय पाण्यात पडते आणि थराथराने खाली बसते. परागकणाचे कवच विलक्षण चिवट असते आणि प्रत्येक वनस्पतीकुलाच्या परागाचा आकार वेगळा असतो. गाळात एक लांब नळी घुसवून तो थर न मोडता वर काढला, ठरावीक अंतरावरचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि रेडिओकार्बनने त्यांचे वय ठरवले, की त्या जागी कोणत्या काळी कोणती झाडे होती याची यादी हाती येते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पीटर कर्शॉ या परागशास्त्रज्ञाने याच पठारावरच्या युरामू तळ्याच्या गाळावर हे काम केले. सर्वांची समजूत अशी की हे जंगल अनादी काळापासून इथे उभे असणार. गाळाने सांगितले ते वेगळेच. वरच्या थरांत पर्जन्यवनाचे पराग, आणि खाली निलगिरी व गवताचे. युरामूच्या परिसरातले पर्जन्यवन त्या मापनानुसार जेमतेम ७,६०० वर्षांचे होते. पुढच्या अभ्यासांत आकडे थोडे मागे-पुढे झाले, पण चित्र बदलले नाही. शेवटच्या हिमयुगात पाऊस कमी झाला, पर्जन्यवन आक्रसले, बार्टल फ्रिअरसारख्या ओल्या शिखरांच्या कुशीत आणि ओढ्यांच्या घळींत तग धरून राहिले, आणि पाऊस परतल्यावर तिथून बाहेर पडून पुन्हा पठारावर आले.

आता याच तळ्यांची दुसरी साक्ष पाहावी, जी गाळातून नव्हे, माणसांच्या तोंडून आली. १९६० च्याच दशकात भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या प्रदेशातल्या मूलनिवासींच्या भाषा नोंदवत होते. त्यांना तिथल्या एका जाणत्या वृद्धाने ईचम, बॅरीन आणि युरामू या तीन तळ्यांच्या जन्माची कथा सांगितली. नुकतीच दीक्षा झालेल्या दोन तरुणांनी परंपरेने घातलेली एक मनाई मोडली आणि इंद्रधनुष्याचा सर्प कोपला. मुक्कामाची जागा बदलू लागली, पायाखालची जमीन मेघासारखी गडगडली, वादळ यावे तसा वारा सुटला, जमीन पिळवटली आणि फाटली, आकाशात पूर्वी कोणी न पाहिलेल्या रंगाचा तांबडा ढग आला, आणि सैरावैरा पळणारी माणसे भेगेत गडप झाली. कथा सांगून झाल्यावर त्या वृद्धाने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली : हे घडले तेव्हा इथे आजच्यासारखे घनदाट जंगल नव्हते, मोकळी झाडी होती. ही नोंद झाली तेव्हा कर्शॉ यांचे मापन प्रसिद्ध झालेले नव्हते. ज्या गोष्टीचा शास्त्रज्ञांनाही पत्ता नव्हता, ती तळ्याकाठच्या माणसांना ठाऊक होती.

मी हे बाबांना ईचमच्या काठावर बसून सांगितले. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी लोणासुराची कथा काढली. आमच्याकडेही सांगतात, की लोणासुर भूमीच्या पोटातल्या विवरात दडून बसला होता आणि दैत्यसूदनाच्या रूपात आलेल्या विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्यावरचे झाकण उडवून त्याचा वध केला. बाबांना दोन्ही कथा एका जातीच्या वाटल्या. मला तसे वाटत नाही, आणि मी तसे त्यांना म्हटलेही. लोणारच्या विवराचे वय एका आर्गॉन मापनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते, जुन्या अंदाजांनुसार पन्नास हजारांच्या आसपास. यांतला कोणताही आकडा घेतला, तरी आपली कथा त्या आघाताच्या कोणा साक्षीदारापासून आली असेल असे मानायला आधार नाही. तयार विवर समोर पाहून, त्याचा अर्थ लावण्यासाठी नंतर रचलेली ती कथा आहे, आणि म्हणून ती कमी सुंदर ठरत नाही. ईचमच्या कथेत मात्र एक असा तपशील आहे, जो कल्पनेला सुचण्याचे कारण नव्हते. आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या निबिड जंगल असताना 'तेव्हा हे नव्हते' असे सांगायला कोणीतरी ते पाहिलेले असावे लागते. बाबांनी हरकत घेतली, "इतकी हजार वर्षे एखादे वाक्य तोंडातोंडी टिकते म्हणतेस?" मी त्यांना त्यांच्याच आजोबांचे वेदपठण आठवून पाहा म्हटले. ते त्यावर काही बोलले नाहीत, पण पुढे परतीच्या वाटेवर तोच विषय त्यांनी स्वतःहून पुन्हा काढला.

ज्यांनी ही आठवण सांभाळली त्यांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ईचम हे न्गाजोन-जी लोकांचे 'यिद्याम'. १८८० च्या दशकात तून वृक्षाच्या तांबड्या लाकडासाठी लाकूडतोडे वर चढले. हा तोच तून, जो भारतातही वाढतो. त्यांच्यामागून शेतकरी आले, आणि मूलनिवासींपैकी कितीतरी जणांना त्यांच्या जागांवरून उचलून याराबा आणि पाम बेटावरच्या वस्त्यांत नेऊन ठेवले गेले. ज्या समाजाच्या स्मृतीत तळ्याच्या जन्माची नोंद होती, त्यालाच तळ्यापासून दूर केले गेले, हे वाचताना मला आजही फार क्लेश होतात. उद्यानाच्या कागदपत्रांत आता यिद्याम हे नाव आहे, त्या समाजाचे वंशजही आपल्या भूमीशी नाते टिकवून आहेत. पण झालेली हानी तेवढ्याने भरून येत नाही.

ईचम बॅरीनपेक्षा लहान आहे आणि मला ते अधिक आवडते. सुमारे तीन किलोमीटरची पायवाट त्याला वळसा घालते. वाटेवर पालापाचोळ्यात खुडबुड होते आणि एखादा इवलासा, तपकिरी प्राणी पुढच्या पायांत फळ धरून क्षणभर थबकतो. तो कांगारूंच्या कुळातला सर्वांत लहान, 'मस्की रॅट-कांगारू'. तो इतर कांगारूंसारखा मागच्या दोन पायांवर उड्या मारत नाही, चारी पायांवर धावतो, दिवसा वावरतो, आणि फळे पुरून ठेवतो. त्यांतली काही तो विसरतो आणि त्या ठिकाणी झाडे उगवतात. पाण्यात लाकडी पायऱ्या उतरतात, पोहणारे पोहत असतात, कासवे माना वर काढतात. तळ्याला बाहेर जाणारा प्रवाहही नाही. पावसाळा आणि कोरडा ऋतू यांत पाण्याची पातळी चार मीटरपर्यंत खाली-वर होते.

पण या नितळ पाण्यात जे असायला हवे होते ते नाही. ईचममध्ये 'रेनबोफिश' या कुळातली एक लहान, निळसर चमकणारी मासळी राहत होती. शास्त्राने तिला स्वतंत्र जात म्हणून १९८२ साली नाव दिले आणि त्याच दशकात ती तळ्यातून नाहीशी झाली. कोणीतरी, बहुधा गळ टाकून मासे धरण्याच्या हौसेपोटी, आसपासच्या नद्यांतले मोठे, भक्षक मासे आणून या बंद तळ्यात सोडले होते. जिथे हजारो वर्षे भक्षक माशांचा वावर नव्हता तिथे त्या मासळीला पळायची सवय तरी कुठून असणार? तिला वन्य अवस्थेत नामशेष मानले गेले. हौशी मत्स्यपालकांच्या टाक्यांत ती जगलेली होती. तिथून पुन्हा तळ्यात सोडण्याचा प्रयत्नही झाला आणि फसला. पुढे जवळच्या काही ओढ्यांत तिचे भाईबंद सापडले, म्हणून जात म्हणून ती उरली, पण ज्या तळ्यावरून तिला नाव मिळाले तिथे ती नाही. गॉर्डनव्हेलच्या भेकांची आणि या मासळीची गोष्ट एकच आहे, आणि बाबांच्या ते लगेच ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिपिपामीचे विवर पाहिले. ते गोल तळे नसून ग्रॅनाइटमधून वायूच्या स्फोटाने आरपार पडलेली नळी आहे. तोंड साठ मीटर रुंद, कडा सरळ खाली तुटलेल्या, आणि जवळजवळ तितक्याच खोलीवर हिरव्या पाणवनस्पतीने झाकलेले पाणी. पाहताना पाय आपोआप मागे सरकतात. त्याबद्दल याहून अधिक लिहावे असे मला वाटत नाही. मलांडाजवळच्या लिंच विवराबद्दल मात्र वाटते, जरी तिथे पाहण्यासारखे काहीच नाही. ते तळे कधीच भरून गेले आहे, आता तिथे दलदल आणि कुरण आहे. पण त्याच्या पोटात साठ मीटरहून अधिक गाळ आहे आणि त्यातून कर्शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन लाख वर्षांचा इतिहास वाचला. या काळात पर्जन्यवन अनेकदा आले आणि अनेकदा गेले. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वीच्या थरात मोठ्या तृणभक्षी प्राण्यांच्या शेणावर वाढणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू एकाएकी घटतात, त्यानंतर कोळशाचे कण वाढतात, आणि पाठोपाठ शुष्क जागीही वाढू शकणाऱ्या अरौकेरिया या सूचिपर्णी वृक्षांचे जंगल संपत जाते. प्राणी गेले, न चरलेले गवत-पालापाचोळा साठला, आग वाढली, जंगल बदलले. ही साखळी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडली गेली. इतक्या मोठ्या उलथापालथीची बातमी एका ओल्या कुरणाखाली दडलेली असावी, याचे मला तिथे उभे राहून फार आश्चर्य वाटले.

बाबांना मात्र एक वेगळाच प्रश्न पडला होता. लोणारचा गाळ कोणी असा वाचला आहे का? वाचला आहे. २००८ च्या सुमारास लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढण्यात आला आणि त्यातून गेल्या अकरा हजार वर्षांतल्या मध्य भारतातल्या मोसमी पावसाचा आलेख मिळाला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड ठळक दिसतात. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. बुलढाणा जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाला अवर्षण म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पण ते किती जुने आहे हे आपल्याच घराजवळच्या तळ्याच्या पोटात लिहिलेले आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. इतकी वर्षे मुलांना घेऊन त्या काठावर उभे राहिल्यावर हे सांगता आले असते, असे ते दोनदा म्हणाले.

गाळाची ही साक्ष ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील, की जंगल येते आणि जाते, मग ते तोडले तरी काय बिघडले, पुन्हा येईल. हा युक्तिवाद मी प्रत्यक्ष ऐकला आहे आणि म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. जंगल परत आले, कारण ते कुठेतरी उरले होते, आणि जिथे उरले होते तिथून इथवर यायला वाट मोकळी होती. कॅसोवरी या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याने मोठी फळे गिळून मैलोन्‌मैल नेली, कबुतरांनी लहान फळे नेली, रॅट-कांगारूने पुरून ठेवली, आणि पिढ्यांमागून पिढ्या झाडे उतारावरून खाली आली. आज ती वाट नाही. सुपीक तांबड्या मातीमुळे ॲथर्टनचे पठार मका, बटाटा आणि दुभत्या गाईंसाठी जवळजवळ साफ केले गेले. युंगाबुराजवळ एक प्रसिद्ध 'पडद्याचा वड' आहे. तो वड नव्हे, आपल्याकडे ज्याला प्लक्ष म्हणतात त्याच जातीचा वृक्ष आहे. आधाराचे झाड कलंडल्यामुळे त्याच्या पारंब्या पंधरा मीटरच्या पडद्यासारख्या खाली उतरल्या आहेत. तो ज्या 'माबी' प्रकारच्या जंगलात उभा आहे, त्या जंगलाचे मूळ क्षेत्राच्या चार-पाच टक्केही उरलेले नाही. बॅरीन आणि ईचमच्या भोवतीचे जंगल १९३४ साली राष्ट्रीय उद्याने झाल्यामुळे वाचले आणि १९९४ साली दोन्ही मिळून क्रेटर लेक्स राष्ट्रीय उद्यान झाले, पण ते कुरणांच्या मध्ये बेटासारखे राहिले. आजवर जे चालत आले त्याला चालायला जमीन नाही. उद्या हवामान बदलले, आणि ते बदलतेच आहे, तर इथल्या झाडांनी आणि प्राण्यांनी बार्टल फ्रिअरच्या गारव्याकडे कोणत्या मार्गाने जायचे?

याचे एक उत्तर तिथल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी लावले आहे. बॅरीनच्या जंगलापासून वुरूनूरनच्या सलग रानाकडे जाणाऱ्या टूही ओढ्याच्या काठाने, एका गोपालकाच्या कुरणातून, १९९५ ते १९९८ या काळात सव्वा किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असा झाडांचा पट्टा उभा केला गेला. त्याला डोनाघी कॉरिडॉर म्हणतात. लावलेली झाडे स्थानिक जातींची, हजारोंच्या संख्येने. तीन वर्षांत त्यांच्या सावलीत न लावलेली झाडेही आपली आपण उगवू लागली, म्हणजे पक्ष्यांनी आणि प्राण्यांनी ती वाट ओळखली. हे काम ज्या 'ट्रीट' नावाच्या स्वयंसेवी संस्थेने उद्यानाच्या कर्मचाऱ्यांसोबत केले, तिची स्थापना १९८२ साली झाली. ज्यांच्या अभ्यासामुळे हे पर्जन्यवन जगापुढे आले त्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी जेफ ट्रेसी हे तिच्या संस्थापकांमध्ये होते. मला हा पट्टा तळ्यांइतकाच पाहण्याजोगा वाटतो, पण पर्यटकांच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. रस्त्यावरून पाहिले तर तो साध्या झाडीसारखा दिसतो.

ईचमजवळच उद्यानाची रोपवाटिका आहे. दर शुक्रवारी सकाळी 'ट्रीट'चे स्वयंसेवक तिथे जमतात. बहुतेक जण निवृत्त, काही तर ऐंशीच्या पुढचे. फळांचा गर काढून बिया धुणे, त्या पेरणे, कोवळी रोपे लांबट नळीसारख्या कुंड्यांत हलवणे, अशी कामे गप्पांच्या ओघात चालतात. बाहेरून आलेल्याला हातमोजे देऊन बाकावर जागा करून दिली जाते. बाबांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो, पण रोप मुळाशी न दुखावता कसे धरावे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. समोरच्या वृद्ध बाईंनी ते पाहून मातीचे घमेले त्यांच्याकडे सरकवले. दुपारी निघताना त्यांनी माझ्यामार्फत विचारले, की ही रोपे जमिनीत कधी जाणार. लागवड पावसाळ्यात होते, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, शनिवारी सकाळी, जो येईल त्याला घेऊन, असे त्या बाईंनी सांगितले. बाबांचा व्हिसा डिसेंबरपर्यंतचा होता. आता पुढच्या वर्षीच्या अर्जात त्यांनी तारखा जानेवारीपासूनच्या लिहायला सांगितल्या आहेत.